मागच्या बाजूचे अंगठे

३ जून, सोमवार

पान गेलं कुठे?

बोचाबेरी बाई आज परत आल्या. नवरा चहाचा मळा विकायला निघालाय. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी आमच्याच जमीन ऑफिसात अंगठा दिला होता — बाईंना विचारल्याशिवाय मळा विकायचा नाही म्हणून. इथे बायकांचे अंगठे कागदाच्या पाठीवर! पुढची जागा नवऱ्याच्या सहीची. स्कॅन उघडला. पुढची बाजू आहे, मागची नाही. खोक्यात मूळ कागद शोधला — तोही नाही. बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मीच खाल्ल्यासारखं.

५ जून

माझे पूर्ण झालेले स्कॅन जॉब, म्हणजे एकेका वेळी स्कॅन केलेले गठ्ठे, संगणकावर चाळले. आणखी चार फाइलींत तेच. पाठ गायब. सगळ्या बायकांच्याच! योगायोग? शक्यच नाही.

आणि रोज जेवणाच्या सुट्टीत माझे जॉब कोणीतरी उघडतंय. लॉगिन — ओम्वेंगा. एकतीस वर्षं फाइली सांभाळणारे ओम्वेंगा बाबा, ज्यांना माउस धरायला मी शिकवलं! पूर्वी इथे फाइल ‘हरवायची’, कारकुनाला चहा पाजला की सापडायची. स्कॅनिंगनं ते बंद पडलं. मग राग निघणार कोणावर?

परवाच म्हणत होते, तुझं यंत्र भराभर जेवतं गं, चावत नाही. टोमणाच तो.

६ जून

बाबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं — स्कॅन झालेल्या खोक्यांतले कागद कापून टाकायला कधी जाणार? चौदाला, म्हटलं. का विचारलं, ते त्यांनी नाही सांगितलं. डब्यातली मक्याच्या पिठाची उगाली गिळत बसले.

१० जून, सोमवार

पाहिलं! बाबांना, खोक्यातून कागद काढून पिशवीत घालताना, स्वतःच्या डोळ्यांनी!

सरळ ऑफिसच्या प्रमुख न्याबोके मॅडमना सांगितलं. त्यांनी पिशवी सगळ्यांसमोर टेबलावर उलटी केली. एकसष्ट कागद. बाबांचा आवाज जरासुद्धा चढला नाही.

“हे अंगठे यंत्रात नाहीत मॅडम. कागद कापले तर कुठेच नाहीत. एकदा बघा तरी.”

कोणी बघितलं नाही. मीही नाही. चोराकडे कारण तयारच असतं!

बाबांना घरी बसवलं. जाताना मला म्हणाले, तुझा चहा झाकून ठेवलाय.

११ जून

ते कागद परत खोक्यात घाल, मॅडम म्हणाल्या. घालायच्या आधी एक यंत्रात सरकवला — बोचाबेरी बाईंचा. दोन बाजू आत, स्क्रीनवर एकच. परत सरकवला. परत एकच.

सेटिंग उघडलं. ‘रिकामी पानं आपोआप वगळा’ — टिक. जुन्या शाईचे फिकट जांभळे अंगठे असलेली पाठ यंत्राला रिकामी दिसते. बाबा जेवणाच्या सुट्टीत माझे जॉब उघडून हेच तपासत होते. टिक कोणी केली? चौदा मे. केमुंतो. मी! काम झपाट्यानं होतंय म्हणून मॅडमनी पाठ थोपटली होती.

तशीच कागद घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं. ओम्वेंगांनी कागद चोरल्याचा अहवाल नैरोबीच्या मुख्यालयात गेलाय म्हणाल्या. मग अगदी मायेनं —

“महिनाअखेरीला तुझा करार वाढवायचाय ना? मग तू काही पाहिलेलं नाहीस.”

१२ जून

काही केलं नाही. दिवसभर नुसती माउस हलवत बसले.

१३ जून, गुरुवार

मॅडम यायच्या आत टिक काढली. एकसष्टच्या एकसष्ट कागद, दोन्ही बाजू. सगळे अंगठे दिसतायत. जॉब मुख्यालयात पाठवताना नाव द्यावं लागतं, आणि एकदा पाठवला की इथून कोणालाच खोडता येत नाही. मॅडमनासुद्धा नाही. नाव दिलं — ‘चूक केमुंतोची, ओम्वेंगांनी वाचवलेले कागद.’

पाठवला.