खिडकीत बाबांची पेटी

२ नोव्हेंबर

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज — सव्वीस जानेवारीला ‘सजली खिडकी’ स्पर्धा. सगळ्यात देखण्या खिडकीला ट्रॉफी. दुसऱ्या मजल्यावरच्या सविताताईंनी पाचव्या मिनिटाला आपल्या खिडकीचा फोटो टाकला. फुलांनी लगडलेला पिटुनिया नुसता ओसंडतोय. आमच्या खिडकीत काय? महेंद्रचे कंपनीचे मोजे आणि वाळत घातलेलं फडकं.

मी नाव देऊन टाकलं. आता माघार नाही.

४ नोव्हेंबर

दोन दिवस फोनवर परदेशातल्या खिडक्या बघतेय. त्याला ‘फ्लॉवर बॉक्स’ म्हणतात. पांढरी घरं, पांढरी फुलं. डोळ्यांना गार वाटतं. आमच्या बिल्डिंगचा रंग गाजराच्या हलव्याचा, पण पांढरी फुलं त्यावरही खुलतील.

आज शाळेच्या ऑफिसातून घरी येताना मान वर करूनच चालले. पंक्चरवाल्याच्या टायरमध्ये सदाफुली. एका गच्चीवर वॉशिंग मशीनच्या टबात जास्वंद, चांगली डोक्याएवढी वाढलेली. घोडनदीच्या रस्त्याला एकाने जुन्या कमोडमध्ये मनी प्लांट लावलाय! त्याच्या हिमतीला सलाम. पण माझ्या खिडकीत काय शोभेल, ते काही सुचेना.

आबांना विचारलं. सासऱ्यांना विचारण्यात अर्थ नव्हता, तरी विचारलं. म्हणाले, “मी काय सांगू. मी पाव्हना. डोळ्याचं ड्रॉप संपलं का चाललो मांडवगणला.”

पिशवी दारामागे भरूनच ठेवलीय. खताच्या गोणीची शिवलेली पिशवी, दोन सदरे, दोन पायजमे, टॉवेल. डोळ्याच्या ऑपरेशनला आले तेव्हापासून सोडलेलीच नाही. रोज एक कपडा काढतात, धुऊन वाळवून परत आत घालतात.

५ नोव्हेंबर

हे एकदा लिहूनच टाकते. आबांनी जाऊ नये असं मला वाटतं. सासूबाई गेल्यापासून ते गावात एकटे. जूनमध्ये मोरीत घसरले, ते सकाळपासून दुपारपर्यंत तिथेच. दूधवाला आला म्हणून कळलं. माझे बाबा गेले तेव्हा मी ट्रेनिंगला होते. पुन्हा तसा फोन मला उचलायचा नाही.

महेंद्र त्यांचाच मुलगा, तरी म्हणतो, “तू धरून ठेवलंस तर अजून लवकर जातील.” खरं आहे. आबा हट्टी आहेत. पण इथे नुसते खुर्चीत बसून असतात. तसं मलाही कुणी बसवलं असतं तर मीही पिशवी भरूनच ठेवली असती.

९ नोव्हेंबर, रविवार

सुचलं! दौंडला आईकडे गेले होते. माळ्यावर बाबांची रेल्वेतली गार्डाची पेटी. काळी, लोखंडी, समोरच्या बाजूला पांढऱ्या रंगात ‘आर. ओव्हाळ, गार्ड, दौंड’. लहानपणी ती पेटी अंगणात दिसली की बाबा ड्युटीवर निघालेत, हे कळायचं. मी तेव्हा त्या पेटीवर बसून राहायचे, जाऊ नयेत म्हणून. आई म्हणाली, “ने बाई. उंदरांची सोय झालीय नुसती.”

शितलला कालच फोन करून ठेवला होता. धाकटी बहीण, वरवंडला दिलीय, दारासमोर नर्सरी. म्हटलं, “येताना फ्लॉवरची रोपं आण.” फुलझाडं म्हणायला मला कमीपणा वाटला बहुतेक.

“फ्लॉवर? खिडकीत?”
“हो. पांढराच आण.”
“पांढराच असतो बाई. लावा. गच्चीवर लोक काय काय लावायला लागलेत.”

आज दहा रोपं घेऊन आली. नर्सरीवाल्याने सांगितलंय — साठ-सत्तर दिवस, आणि एकेक चांगला ओंजळभर होतो. ओंजळभर फूल! सविताताईंचा पिटुनिया चिल्लर आहे त्यापुढे.

१० नोव्हेंबर

महेंद्रने पेटीच्या तळाला भोकं पाडली. बाजारातून आणलेली तयार माती आबांनी चिमटीत धरली, हुंगली. “ही माती व्हय? चहाचा चोथा हाय.” महेंद्रला त्याच पावली मांडवगणला पिटाळलं. तो गोणभर काळी माती आणि शेणखत घेऊन आला, गाडीची पार रया गेली.

दहाही रोपं एका ओळीत लावली. आबा चष्मा सारून बराच वेळ वाकून बघत होते. मग मला म्हणाले, “कशाची म्हनलीस?”

“फ्लॉवरची, आबा. पांढरा.”

हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

१९ नोव्हेंबर

दहातली सहा रोपं गायब! चारच उरलीत, एकमेकांपासून वीतभर लांब. कबुतरं असणार. पण कबुतरं एवढं मोजून मापून कधीपासून खायला लागली?

आबा म्हणाले, “दाटी झाली व्हती.” कबुतरांची बाजू घेतात.

२४ नोव्हेंबर

ड्रॉप संपले. आबा नाष्टा करून उठले, दारामागे गेले, पिशवी उचलली. सदरा काढला, पिशवी परत ठेवली.

“गारठा जरा कमी हुंदी. मग जातो.”

गारठा अजून सुरूच झाला नाही. मी दुसऱ्या दिवशीच्या पोह्यात शेंगदाणे वाढवले.

६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. बाबासाहेबांच्या फोटोला झेंडूचा हार. संध्याकाळी तिघांनी मिळून वंदना म्हटली. आबांचा आवाज अजून खणखणीत आहे, शेजारचे दार उघडून उभे राहिले होते.

१२ डिसेंबर

फोटोचा हार सुकला म्हणून काढला. कचऱ्यात टाकणार तर आबांनी हातातून घेतला. कागदात गुंडाळून टीव्हीच्या मागे ठेवला. “लागंल कुठंतरी.” आम्ही घरात रिकाम्या बाटल्या साठवतो, आबा हार साठवतात. सगळे सारखेच.

रोपं मात्र झकास. पानं रुंद, निळसर हिरवी. कळीचा पत्ता नाही. मी रोज सकाळी चहा घेऊन त्यांच्याशी बोलते. फुलांशी बोललं की बहरतात, असं वाचलंय.

७ जानेवारी

आज बघते तर चारही झाडांची पानं वर ओढून माझ्या शिवणाच्या दोऱ्याने बांधलेली! अंबाडे घातल्यासारखी.

“आबा, हे काय?”
“कळी धरलीय आत. ऊन लागलं तर पिवळी पडंल.”
“बघू?”
“हात लावू नगं. बारा दिस थांब.”

परदेशातल्या एकाही व्हिडिओत फुलं बांधलेली पाहिली नाहीत. पण आबा ‘बारा दिवस थांब’ म्हणाले, म्हणजे बारा दिवस तरी ते आहेत.

१९ जानेवारी

काय लिहू. हसू येतंय आणि कपाळावर हात मारून घ्यावासाही वाटतोय.

सकाळी आबांनी मला खिडकीशी बोलावलं, दोरा सोडला, पानं बाजूला केली. आत फ्लॉवर. भाजीचा. पांढराशुभ्र गड्डा, बाबांच्या नावाच्या बरोबर वर.

दर बुधवारी बाजारातून फ्लॉवर आणते मी. पण रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले, मी तो पानांसकट रानात उभा कधी बघितलाय! शितलला फोन केला तर ती हसून हसून बोलेचना. “तूच म्हणालीस ना, पांढरा आण?”

“आबा, तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या दिसापासनं.”

“मग सांगायचं ना!”

“तू रोज च्या घिऊन त्याच्यासंगं बोलायचीस. म्हनलं, येऊ दी.” मग गड्ड्यावरून बोट फिरवत म्हणाले, “साठ वर्सं दुसऱ्याच्या रानात फ्लॉवर लावला, काढला, गोन्या भरल्या. घरचा ह्यो पयलाच.”

मी आत जाऊन कुकर लावला.

२३ जानेवारी

विचार केला, अजून तीन दिवस आहेत. गड्डे काढून बाजारातली शेवंती आणून खोचावी, ट्रॉफी नाही तर नाही, निदान हसं तरी होणार नाही. कात्री घेऊन खिडकीशी गेले तर आबा तिथे खुर्ची टाकून बसलेले. कात्रीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“सव्वीस जानेवारी बघतो आन् एकोनतीसला जातो. तवर राहू दी.”

कात्री ठेवली. तारीख ठरली तर मग.

२६ जानेवारी

परीक्षक तिघे. पहिल्या दोघांनी आमच्या खिडकीचे फोटो काढून हसत हसत कुणाकुणाला पाठवले. तिसऱ्या सविताताई, स्वतः स्पर्धेत आणि स्वतःच परीक्षक, पण ते जाऊ दे. त्या म्हणाल्या, “एवढा पांढरा कसा हो आला?”

आबा उठून उभे राहिले. पानं कधी बांधायची, दोरा किती सैल ठेवायचा, अळी कुठे लपते — वीस मिनिटं! या बिल्डिंगमध्ये ते कुणाशी एवढं बोलल्याचं मला आठवत नाही. सविताताई मोबाइलवर टिपून घेत होत्या.

ट्रॉफी पिटुनियाला. अपेक्षित होतं. मला मुळीच राग आलेला नाही. थोडा आलाय.

२७ जानेवारी

आबांनी चारही गड्डे सुरीने काढले. एक सविताताईंना, एक दौंडला आईला, दोन घरात. रस्सा केला. महेंद्रने तीनदा वाढून घेतला, म्हणाला अशी चव बाजारच्याला नाही. आबा बोटं चाटत होते.

पेटी आता रिकामी. नुसती माती. दिवसभर तिच्याकडे बघवेना. इतके दिवस ‘गारठा’, ‘बारा दिस’, ‘सव्वीस जानेवारी’ — आता थांबायला निमित्तच नाही उरलं. लहान असते तर पिशवीवर जाऊन बसले असते.

२८ जानेवारी

महेंद्रने एसटीची वेळ विचारून ठेवली. उद्या सकाळी साडेआठ. मी लाडू बांधले. थांबा म्हणायच्या ऐवजी डबा गच्च भरला.

२९ जानेवारी

सकाळी दारामागे पिशवी नव्हती. न सांगताच गेले की काय म्हणून अनवाणी जिन्यापर्यंत धावले. मग आबांचा खोकला ऐकू आला, घरातूनच. खिडकीशी होते. सदरे-पायजमे महेंद्रच्या कपाटात, घड्या घालून. पिशवी पेटीच्या शेजारी, उरलेल्या काळ्या मातीने काठोकाठ भरलेली, आणि आबा टीव्हीमागचा सुकलेला झेंडूचा हार तिच्यावर चुरत होते.

“तुझी फुलं राहिली व्हती,” म्हणाले. “चौदा एप्रिलच्या हाराला येत्याल.”