गेली म्हणजे काय गेलं?

आणि वर तुम्ही मलाच चिडकी म्हणायचात, आबा! कर्जतच्या आपल्या भातगिरणीत बाया गोण्या घेऊन ताटकळलेल्या, मी धावत येऊन सांगते, 'आबा, गिरण बंद पडली,' आणि तुम्ही जागचे हलत नाही. 'बंद म्हंजे काय गं? मोटर फिरते का? पट्टा तुटलाय का घसरतोय? नीट सांग, मग पाना उचलतो.' सगळ्यांदेखत मला परत बघायला पाठवायचात. तेव्हा राग यायचा. अजून येतो.

परवा खालापूरला माझ्या दुकानातला, लग्नपत्रिका करायचा कंप्युटर काळा पडला. दुरुस्तीवाल्याला फोन केला, 'हार्ड डिस्क गेली.' इथं आम्ही सगळेच त्या उभ्या डब्याला हार्ड डिस्क म्हणतो. तो म्हणाला, 'मग आतलं कायच राहायचं नाय, काकी. सोमवारी नवी घालतो.' गिरणीतला तुमचा एकुलता एक फोटो त्याच्यातच आहे. कागदावरचा कधीच वाळवीनं खाल्ला.

आज तुमच्याशी भांडायला बसले. 'आबा, तुमचा फोटो गेला' एवढं लिहिलं आणि कानात तुम्हीच: गेला म्हंजे काय गं? मग चिडूनच एकेक लिहीत गेले. डब्याचा दिवा लागतो. आतला पंखा फिरतो. चालू करताना वाजतं तेही वाजतं. काळा आहे तो फक्त पडदा, आणि त्यावर येतं की सिग्नल नाही. एवढं लिहिलं आणि उठले. पडद्यामागची केबल अर्धी निघालेली. दाबली. आधी कुणाची तरी पत्रिका दिसली, मग शोधून तुम्हाला काढलं.

लगेच फोन लावला. 'हार्ड डिस्क शाबूत हाय रे, मॉनिटरची केबल निघालेली.'

'काकी, हेच आधी बोलायचं ना! मी आख्खी डिस्क बदलायला निघालेलो.'

मेला तुमच्यासारखाच बोलतो. तरी सोमवारी ये म्हटलं, एकदा सगळं तपासून जा. चहा पाजीन आणि तुमचा फोटो दाखवीन.

फोटोत तुमचा उजवा हात गिरणीच्या एका लोखंडी दांड्यावर आहे. बघणाऱ्याला मी 'तो दांडा' एवढंच सांगत आले. त्याचं नाव मला माहीत नाही, आबा. कधी विचारलंच नाही. आता सोमवारी दुरुस्तीवाला विचारणार, आणि 'दांडा म्हंजे कुठला, काकी?' हे मला ऐकून घ्यायचं नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते कळतं मला. तरी सोमवारच्या आत नाव कळवा. आणि नीट कळवा.