उभी राहिली की बंद पडते

११ नोव्हेंबर १९३४

भाऊबीज झाल्यावर यमूला आणायला तिच्या माहेरी, पावसला गेलो. ती यायला तयार झाली. सासूबाईंनी ओटी भरली. ट्रंक मोटारीच्या मागच्या सीटवर दोरीने बांधली.

भाट्याच्या खाडीशी गाड्या पलीकडे नेणारी मोठी होडी, तर, दुसऱ्या काठाला होती, म्हणून थांबलो. गाडी चालते तोवर ठीक, उभी राहिली की बंद पडते. तशीच पडली. तर आली, पण हँडल मारून खांदा दुखला तरी इंजिन उठेना. तरीवरचा म्हातारा म्हणाला, "मास्तर, ओहोटी लागली. आता गाडी चढायची नाही."

यमू खाली उतरली. पुळणीत जरा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "आज नको." ओळखीची बैलगाडी पावसला परत चालली होती. तिच्यात ट्रंक ठेवून गेली.

मी अडवलं नाही.

१२ नोव्हेंबर

बाळ गेल्यावर चार दिवस माहेरी म्हणून गेली. त्याला दोन पावसाळे झाले. भांडण नाही, तक्रार नाही. मी जातो, जेवतो, परत येतो. काल पहिल्यांदाच गाडीत बसली होती.

दोरी अजून सीटलाच आहे. सोडवत नाही.

१८ नोव्हेंबर

रविवार. इब्राहिम मिस्त्रीला बोलावलं. पूर्वी बोटीवर फिटर होता, आता बंदरापाशी दुकान. बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाला, "मॅग्नेटो." त्याच्या मते जगातलं सगळं ठिणगी पाडणाऱ्या त्या मॅग्नेटोमुळे बिघडतं.

प्लग साफ केले. कार्बुरेटर उघडला. तळाशी तांबडी धूळ, वस्त्रगाळ. धुतला. स्क्रू फिरवून पाहिला. थोडा वेळ चालतं, खोकतं, बंद.

मिस्त्री गेल्यावर गाडीत नुसता बसून राहिलो.

२५ नोव्हेंबर

सापडलं. हवा-पेट्रोल आत नेणारी नळी इंजिनाला जिथे जोडली आहे तिथे तेलाचा थेंब सोडला आणि इंजिनाचा आवाज बदलला. म्हणजे तिथून भलती हवा आत ओढली जात होती. मधलं पॅकिंग जुन्या पापडासारखं. हात लावताच तुकडे.

चांगला जाड पुठ्ठा घरात एकच. शब्दकोशाचा. कापला, चपडा लाख लावून बसवला. गाडी अंगणात उभी राहिली, चालू. मी आत जाऊन पाणी पिऊन आलो तरी चालू.

मिस्त्री म्हणाला, "पुस्तकं घेतलीत ती कामाला आली म्हणायची, मास्तर."

२ डिसेंबर

सायलेन्सर काढला. खाऱ्या हवेने बाहेरून सडलेला, आतून काजळीने भरलेला. इंजिनाला श्वास सोडायलाच जागा नव्हती. तांबटाकडून रुंद नळी करून घेतली. चढावर आता दम लागत नाही. आवाजही खालच्या पट्टीत गेला.

शेजारचे वकील फाटकातून बघत होते. "मोटार आहे की आंघोळीचा बंब?"

यमू हसली असती. मी त्यांच्यापुरता हसलो.

९ डिसेंबर

कार्बुरेटरमध्ये पुन्हा धूळ. पावसच्या रस्त्यावर ती चुकायची नाही. पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली, आत काथ्या भरला, काथ्या खोबरेल तेलात भिजवला. हवा आता त्यातून गाळून आत जाते. हात उन्हाने पोळत होते, तेल पाण्यासारखं पसरलं.

मिस्त्री : "इंजिनाला न्हाऊमाखू घालताय का? मशीनचं तेल घाला."

घरात खोबरेल होतं, तेच घातलं. दुपारभर गाडी सुरेख चालली. पुढच्या रविवारी शाळेचं संमेलन. त्याच्या पुढच्या रविवारी जायचं.

२३ डिसेंबर

भरतीची वेळ धरून पहाटेच निघालो. थंडी कडक. इंजिन गुदमरल्यासारखं चालत होतं. तरीपाशी थांबलो आणि बंद.

बसून राहिलो. ऊन चढल्यावर पहिल्या हँडलला सुरू झालं, काहीच घडलं नसल्यासारखं. तोवर पाणी उतरलं होतं. पलीकडची माडांची रांग बघितली आणि घरी आलो.

३० डिसेंबर

रोज सकाळी तेच. दुपारी काही तक्रार नाही. मिस्त्रीने मॅग्नेटो काढून सगळा खोलला. स्वच्छ निघाला. त्याला फार वाईट वाटलं.

मी पावसला न जाण्याची कारणं जमवतोय का, असं मनात आलं.

६ जानेवारी १९३५

आंघोळीआधी डोक्याला तेल लावायला बाटली उपडी केली. तेल येईना. थिजलेलं. काडीने उकरत होतो, आणि हात थांबला.

पंच्यावरच गाडीपाशी धावलो. डबा उघडला. काथ्या लोण्यात बुडवल्यासारखा पांढरा. पहाटे हवा जायला फटच नव्हती. दुपारी तेल वितळे आणि सगळं मोकळं होई.

मिस्त्रीला बोलावून दाखवलं. तो हसून खाली बसला. "बायका बाटली उन्हात ठेवतात, तसा डबा ठेवायचा होतात."

यमू असती तर बाटली चुलीच्या कट्ट्यावर असती. तेल थिजलं नसतं. मला कळलंही नसतं.

काथ्या रॉकेलमध्ये धुतला. मशीनचं तेल घातलं.

१३ जानेवारी

पहाटे गाडी उभी करून पाहिली. गारठा कालच्यासारखाच. चालू राहिली. तरीही आज गेलो नाही. आता गाडीचं कारण उरलं नाही, ते जड वाटलं.

२० जानेवारी

गेलो. तरीवरही इंजिन चालू ठेवलं. तरवाला नको म्हणत होता. पावसला सासऱ्यांच्या कुंपणाच्या बेड्याशी, फाटकाबाहेर, गाडी उभी केली, बंद केली नाही.

अण्णा पडवीतून म्हणाले, "जावईबापू, आत या की. ते यंत्र कशाला राबवताय?"

"राहू दे, अण्णा. चालू राहतं आता."

"ते ऐकू येतंय. साऱ्या वाडीला येतंय."

यमू बाहेर आली. नारळ खोवत होती, हात तसेच. बेड्याशी उभी राहून ऐकत राहिली. मी पॅकिंगचं सांगितलं, नळीचं सांगितलं, खोबरेलाचं सांगितलं. तिथे किंचित हसली.

"किती वेळ चालेल अशी?"

"पेट्रोल आहे तोवर."

पदराला हात पुसले. "बंद करा. असं बोलता येत नाही."

बंद केली. एकदम शांत झालं. ती बाळाबद्दल बोलली. ताप चढला त्या दुपारपासून सगळं, ओळीने. आजवर बोलली नव्हती. मीही विचारलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मागच्या माडांच्या आगरात बसलो होतो.

येण्याचा विषय तिने काढला नाही. मीही नाही. मुक्काम केला.

२१ जानेवारी

शाळेला निरोप नाही. भरती सकाळची. उजाडताच गाडीपाशी गेलो. काचेवर दव, खाली कोंबड्या. हँडल लावलं तेवढ्यात यमू मागून आली.

"सुरू होईल?"

"होईल."

"मग घाई काय आहे?" म्हणाली आणि विहिरीकडे गेली.

हँडल काढून सीटखाली ठेवलं.