बोर्डाच्या आदल्या दिवशी मी साहेबांकडे गेले होते

अहो,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला लिहायचं धाडस झालं नव्हतं. आज लिहितेय, कारण जे तुम्हाला सांगायला हवं होतं, ते काल मी दुसऱ्याच बाईला सांगून बसले.

काल दुपारी येवल्याचा किरण आला. तुम्ही फौजेच्या ट्रेनिंग सेंटरवर शिकवलेला. "जयभीम वहिनी, उस्तादांच्या घरी आलोय," म्हणाला आणि दारातच थांबला. शर्टाची डावी बाही कोपराखाली रिकामी. सोबत बायको, पूजा. सोमवारी त्याचा मेडिकल बोर्ड आहे, फौजेत ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरवणारा. ऑफिसात कुणीतरी त्याच्यापुढे कागद सरकवलाय, 'नोकरीत राहण्याची इच्छा नाही' असा. सही कर, सोपं पडेल, म्हणे! कोणाला सोपं?

"वहिनी, उस्ताद एका पायावर दहा वर्षं नोकरीत कसे राहिले? काय लिहून दिलं होतं त्यांनी?"

मी तुमचा अर्ज काढून दिला. 'मला धावता येत नाही, पण शिकवता येतं. हलक्या कामावर ठेवा.' किरणने पेन उचललं, तशी पूजा पेनावर हात दाबून ओरडली, "ठेवा ते खाली! हात गेला तेवढा पुरे नाय का? आता जीव पण द्यायचाय?"

मी घाबरले. तुमच्या वेळी अगदी असंच मला वाटलं होतं.

सुरुंगाच्या स्फोटात तुमचा पाय गेला, तुम्ही पुण्याच्या हॉस्पिटलात दांड्या धरून चालायला शिकत होतात. बोर्डाच्या आदल्या दिवशी मी बोर्डावरच्या मेजरसाहेबांना गाठलं. म्हटलं, "ते ऐकणार नाहीत साहेब. तुम्हीच अनफिट लिहा, घरी पाठवा." ते म्हणाले, "बाई, हे त्यांनी बोलायला हवं." पण दुसऱ्या दिवशी शेरा तोच आला, सेवेस अयोग्य. माझ्यामुळे? अजून माहीत नाही. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. आणि मला, ऐका, मला हायसं वाटलं होतं!

मग तुमचं अपील. वर्षभर नाशिक रोडच्या क्वार्टरचा जिना चढलात, उतरलात. खुंटातून रक्त यायचं. मी पट्टी बदलायचे आणि गप्प राहायचे. दुसऱ्या बोर्डाने ठेवून घेतलं, तुम्ही वर्दी चढवून आरशापुढे उभे राहिलात, तेव्हा तरी बोलायला हवं होतं मी!

पण तुमचंही चुकलंच. सगळ्या साहेबांना अर्ज केलेत. 'शालू, तुला कसली भीती वाटते?' एवढं मला एकदा विचारलं असतंत तर?

हे सगळं मी त्या दोघांसमोर बोलले. पूजाने विचारलं, "पस्तावा होतो?"

"घरी या म्हटलं, त्याचा नाही. त्यांच्या पाठीमागे म्हटलं, त्याचा."

ती किरणकडे वळली. "हलकं काम म्हणजे बॉर्डरवर नाय ना?"

"नाय. पण मागितलं तरी देतीलच असं नाय."

"नाय दिलं तर?"

"परत मागू."

तिने हो म्हटलं नाही. पण पेनावरचा हात काढला. किरणने तुमचा अर्ज समोर ठेवून आपला लिहिला. त्या दुसऱ्या कागदावर सही केली नाही.

बोर्ड काय करेल, देव जाणे. मी सोमवारी त्यांच्यासोबत जातेय. पूजा बाहेर माझ्याशेजारी बसेल. ती रडली तर रडू देईन, भांडली तर ऐकून घेईन. किरणला नाही म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी अपिलाचा कागद घेऊन मीच येवल्याला जाईन. हा माझा शब्द.

रागावलात तरी चालेल.

तुमची,
शालू