दोन आजारी माशांचा समाचार

…आणि मासा हातातून निसटून थेट चुलीजवळ गेला, तेवढ्यात टपालवाला तुमचं पत्र घेऊन दारात उभा राहिला. बयामावशीने मासा पदरात उचलून पाण्यात सोडला. मग मी पत्र फोडलं. तीर्थरूप भिमाजीदादांस सोपानचा साष्टांग नमस्कार. माणसं सगळी खुशाल आहेत. देहूरोडच्या डेपोतलं जेवण मानवतं का, ते कळवा. माशांचं तुम्ही विचारलंत. त्याचं उत्तर थोडं लांब आहे.

बंगल्याच्या साहेबाने जाताना तुम्हाला दिलेले आणि तुम्ही विश्वासाने माझ्याकडे ठेवलेले ते दोन सोनेरी मासे परवा काचपेटीच्या तळाशी बसून राहिले. अंगावर मीठ शिंपडल्यासारखे ठिपके. मी लोणावळ्याला गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. (ते आधी हसले. मग नीट सांगितलं.) पोटॅश, म्हणजे विहिरीत टाकतात तेच लाल औषध, वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवायचं, पाणी जेमतेम गुलाबी ठेवायचं, मासे त्यात थोडाच वेळ सोडायचे, धापा टाकू लागले तर लगेच साध्या शिळ्या पाण्यात. आणि एका वेळी एकच औषध. आज सकाळी मी चिनी मातीच्या बरणीत हे सगळं तसंच केलं, मासे पेटीत परत सोडले आणि कामावर गेलो.

चूक एवढीच, की मासे आजारी आहेत हे मी दारात उभं राहून बोललो होतो. आपल्याकडे आजाऱ्याच्या समाचाराला कोणी रिकाम्या हाताने येत नाही, आणि माशांना मोसंबी देता येत नाही. शेजारच्या रतनबाईने हळद टाकली. कोंडाजी गावच्या विहिरीत लाल औषध टाकतो; त्याने विहिरीच्याच हाताने मूठ सोडली. मावशीने दृष्ट काढली आणि ते मीठ चुलीत न टाकता पेटीत टाकलं, कारण मासे काही चुलीपाशी येत नाहीत. (एक आला, हे वर लिहिलंच आहे.) प्रत्येकाने गुपचूप. दुपारी मी परतलो तेव्हा पाणी वांग्याच्या रंगाचं होतं आणि मासे वर येऊन तोंड वासत होते.

रांजणात कालचं पाणी होतं, पण पितळेचं भांडं नको असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी लाकडी काथवट मागितली.

"मंग भाकरी कशात मळू? तुज्या टकुऱ्यात?" मावशी म्हणाली. मग स्वतःच पीठ झटकून काथवट धुतली. "घे. माज्या हातनं दोन जीव गेलं आसं नगं व्हाया."

पेटीतून काथवटीत हलवतानाच तो एक निसटला. आम्ही भातावर भागवलं. मासे अजून काही खात नाहीत. औषध यापुढे फक्त मी देणार, असं सगळ्यांना सांगितलं आहे. सगळे व्हय म्हणाले.

ता. क. रविवारी मासे न्यायला येणार म्हणता. डबा आणू नका. मावशी ताटावर बसायच्या आधी त्यांना "पावनं, बरं हाय का?" असं विचारते आणि मग आपणहून जेवते. काका गेल्यापासून तिला रोज जेव म्हणावं लागत होतं. मासे इथेच राहू द्या.

पुन्हा ता. क. पत्र काल टाकायचं राहिलं. आज सकाळी दोघांनीही शितं खाल्ली. काथवटीच्या कानाला काळा दोरा बांधलेला आहे. गुण त्याचाच, असं मावशी म्हणते. पीठ तिने परातीत मळलं.