डेअरीवरचा जावई

१२ जानेवारी
तोंडातून निघून गेलं! आत्या आज तिच्या सुनीलसाठी मला मागायला आली. मामाच्या पोरीवर पहिला हक्क, म्हणे. सुनील नागापूरला कंपनीत आहे, माणूस चांगला आहे. पण लहानपणापासून भाऊच मानला त्याला. मी म्हणाले, माझं ठरलंय. "कुनाशी गं?" — आई. समोरून डेअरीचा टेम्पो चालला होता. मी म्हणाले, सहादेवशी.
सहादेवला अजून माहीत नाही.

१३ जानेवारी
सकाळी कामावर, दूध संकलन केंद्रावर फॅट तपासता तपासता त्याला सगळं सांगितलं. टेम्पोत चढवायचा कॅन त्याच्या हातातच राहिला. "किती दिवस करावं लागंल?" एवढंच विचारलं. म्हटलं, सुनीलचं दुसरीकडे जमेपर्यंत. मग भांडण काढायचं आणि मोडायचं. बरं म्हणाला. फार विचारत नाही, ते बरंय.

१४ जानेवारी
संक्रांत. सहादेव साहेब तिळगूळ घ्यायला घरी. मी चहात दोन चमचे साखर घातली. तो बिनसाखरेचा पितो, मला काय ठाऊक! बिचारा प्यायला, पण तोंड कडू औषध घेतल्यासारखं. आईने लगेच पकडलं — "व्हनाऱ्या नवऱ्याचा चहा ठावं न्हाई व्हय तुला?"

२ फेब्रुवारी
अप्पांनी बोलावलंय म्हणत सहादेव दर रविवारी हजर. मागच्या वेळी गोठा झाडला, आज कांद्याची लागण. बायकांच्या रांगेत दिवसभर ओणवा! अप्पा बांधावर बसून बघत होते. मी हसून हसून बेजार. संध्याकाळी त्याला कंबर सरळ करता येईना, तेव्हा मात्र हसू आलं नाही.

११ फेब्रुवारी
टेम्पोवर आज दुसराच ड्रायव्हर. सहादेवला ताप आहे म्हणे. मी बन्सीकाकांच्या गाईच्या दुधाला चारच्या जागी सात फॅट लिहिली. काका पावती घेऊन भराभर निघून गेले.

१८ फेब्रुवारी
सुनीलचं जमलं. राहुरीची मुलगी. आत्या स्वतः पेढे घेऊन आली, राग विसरली. म्हणजे माझी सुटका झाली. आता मोडायचं.
सहादेव म्हणाला, "दोष माझ्यावर घाल. पोरीच्या नावाला बट्टा नको." मी मान डोलावली आणि घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले. मला मोडायचं नाही. लिहूनच टाकते — मला तो हवाय. पण खोट्याने घरात आणलेल्या माणसाला अप्पा खरा जावई करून घेतील? माझ्याच करणीने तो जाणार.

२० फेब्रुवारी
उद्या अप्पांना सांगणार. काय व्हायचं ते होवो.

२१ फेब्रुवारी
सांगितलं. मी म्हणाले, आधी सगळं नाटक होतं, आता माझ्याकडून नाही. अप्पा वैरण टाकत होते, थांबलेसुद्धा नाहीत.
"नाटक हुतं ते म्हाईत हाय. पोरगं संक्रांतीलाच सांगून गेलं. म्हनलं, तिला सुनील नको हाय, जोर करू नका."
मग तुम्ही दर रविवारी कशाला बोलावत होता त्याला?
"मी कवा बोलावलं? त्योच यायचा."