टाळ्यांचं बटण

३ फेब्रुवारी, मंगळवार
लोणावळ्याहून रिसॉर्टच्या मॅनेजरचा फोन. शनिवारी मुंबईची पार्टी, हॉलमध्ये साउंड आणि स्क्रीन आपला. पार्टी कसली विचारलं तर वकिलांची मोठी फर्म, वार्षिक सहल. नाव सांगितलं. प्राजूचीच फर्म.
सुनंदा म्हणाली, "मग लाडू करून देते, न्या पोरीला." म्हटलं, मी तिथं बाप म्हणून चाललेलो नाही, कामाला चाललोय.
संध्याकाळी प्राजूला फोन केला. ऐकून म्हणाली, "पप्पा, दत्तामामाला एकट्याला नाही का पाठवता येणार?"
दत्ता टेम्पो चालवील, केबल ओढील. सुनंदाचा भाऊ असला तरी साउंडच्या मिक्सरला मी त्याला हात लावू देत नाही. हे तिला माहीत आहे.
म्हणालो, "काळजी करू नकोस. ओळख दाखवणार नाही."
"तसं नाही हो पप्पा."
मग कसं, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. फोन ठेवला.

४ फेब्रु., बुध.
झोंबलं. दिवसभर डोक्यात तेच. विहारात हिचा सत्कार झाला तेव्हा साउंड माझाच होता. तेव्हा हीच माईकवर म्हणाली होती, माझे पप्पा दहावी झालेत, पण मशीनची इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी घेऊन वाचतात. पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. आता तेच पप्पा झाकून ठेवायचे.
ठीक आहे. काम असं करायचं की खोट निघता कामा नये.

५ फेब्रु., गुरु.
फर्मच्या एचआर बाईंनी कार्यक्रमाचा क्रम पाठवला. भाषणं, जेवण, मग 'गमतीची बक्षिसं', ज्युनिअर वकिलांना. स्लाइडवर ज्याचा फोटो येईल त्याचं बक्षीस. फोटो आला की टाळ्या आणि बँडचा तुकडा, रेकॉर्ड केलेला, आपण वाजवायचा. स्लाइड त्यांच्या लॅपटॉपवर, आधी कुणाला दाखवायच्या नाहीत.
क्रमांक दोन ठिकाणी चुकले होते. कळवले. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही फारच बारीक बघता हो." बरं वाटलं.

७ फेब्रु., शनि.
साउंड उत्तम. खरखर नाही, शिट्टी नाही.
प्राजू चौथ्या टेबलावर. वाळली आहे. एकदा बघितलं माझ्याकडे, मग पाण्याच्या ग्लासकडे बघत बसली.
जेवणानंतर बक्षिसं. सूत्रसंचालनाला स्वतः मोठे सर, फर्मचे भागीदार. एका पोराला उशी, ऑफिसात झोपतो म्हणून. एकाला स्वतःच्या लग्नाच्या हळदीत लॅपटॉप उघडला म्हणून हळदीची पुडी. हशा. प्रत्येक वेळी मी टाळ्या, बँड.
मग प्राजूचा फोटो. हॉस्पिटलची खाट, हाताला सलाईन, मांडीवर लॅपटॉप. खाली लिहिलं होतं, फायटर ऑफ द इयर.
मला काहीच माहीत नव्हतं. नोव्हेंबरात फोनवर म्हणाली होती, व्हायरल आहे, आता बरी आहे.
टाळ्या वाजल्या. बोट आधीच बटणावर गेलं होतं.
सर इंग्रजीत म्हणाले, सलाईन थांबली असेल, हिचे मेल थांबले नाहीत. बाकीच्यांनी शिकावं. हातात दिलं ते बक्षीस म्हणजे सलाईनची रिकामी बाटली, सोनेरी रंग मारलेली. प्राजूला माईक दिला. म्हणाली, "हॉस्पिटलचा वायफाय आपल्या ऑफिसपेक्षा बरा होता." हॉल खदखदला. तीही हसली.
तिचा आवाज बारीक येत होता. मी लेव्हल वाढवली.

८ फेब्रु., रवि.
सकाळी सामान भरत होतो तर प्राजू टेम्पोपाशी आली. दत्तानं आपल्या हातातला चहा तिला दिला. "घे गं. मोठी वकील झाली तरी मामाचा उष्टा चालंल न्हवं?"
"चालेल मामा. ऑफिसातला तर तिसऱ्यांदा गरम केलेला असतो."
तो हसला आणि बाजूला गेला. शहाणा आहे तेवढा.
विचारलं, किती दिवस होतीस हॉस्पिटलात.
"तीन-चार. पाणी कमी झालं होतं अंगातलं. जेवणच होत नव्हतं वेळेवर."
"सांगितलं का नाहीस?"
"दिवाळीत म्हटलं होतं ना, थोडे महिने घरी येऊ का. तुम्ही म्हणालात, आपल्यातून एवढ्या मोठ्या फर्ममध्ये गेलेली तू पहिली, कळ काढ. मग पुढं काय सांगायचं?"
मी म्हणालो, "ती थट्टा..."
ती म्हणाली, "बक्षीस मिळालेलं बरं असतं पप्पा. नाही मिळालं की लोक विचारतात, हिच्याकडे काम कमी आहे का." मग, "दरवर्षी असलं काहीतरी असतं. तुम्ही बघू नये म्हणून म्हटलं होतं, मामाला पाठवा."
मला वाटलं होतं, तिला माझी लाज वाटते.
त्यांच्या बसचा हॉर्न वाजला. गेली.

९ फेब्रु., सोम.
गोदामात केबल गुंडाळताना दत्ता म्हणाला, "दाजी, एक बोलू का? म्या दाराशी हुतो."
"बोल."
"तुमी आदी पोरीला बघितलं. चांगलं बघितलं. मंग दाबलं."
म्हटलं, तू केबल नीट गुंडाळ, पीळ पडतोय.
"पीळ न्हाई पडत," म्हणाला. "तुमचंच शिकवल्यालं हाय."
शनिवारी खोटं लिहिलं. बोट आधी गेलं नव्हतं. फोटो आला, पोर ओळखली, सलाईन दिसली, आणि सर थांबले. टाळ्या का नाहीत म्हणून मान वळवून माझ्याकडे बघितलं त्यांनी. एवढ्या लोकांत आपल्यामुळं कार्यक्रम अडला असं व्हायला नको, म्हणून दाबलं. दुसरं कारण नाही. बापाला सुचायला हवं होतं ते साउंडवाल्याला सुचलं नाही, असंही नाही. सुचलं होतं. मग दाबलं.
आणि लेव्हल वाढवली ती हौसेनं.

१० फेब्रु., मंगळ.
मॅनेजरचा फोन. पार्टी खूश, म्हणे टायमिंग फर्स्ट क्लास, पुढच्या वर्षी साउंडवाले हेच काका पाहिजेत.
"हो" म्हणून बसलो. वर "थँक्यू" म्हणालो.
सुनंदाला यातलं काही सांगितलेलं नाही. विचारत होती, पोर काय म्हणाली, लाडू आवडले का. नको म्हटलं तरी तिनं दिलेले लाडू टेम्पोतच राहिले होते, दत्तानं खाल्ले. आवडले म्हणून सांगितलं.

१३ फेब्रु., शुक्र.
प्राजू आली. न कळवता, दोन बॅगा घेऊन. शनिवार-रविवारला एक पाठपिशवी आणते एरवी. मोठी बॅग उचलली तर जड. आत नेऊन ठेवली.
झोपली ती जेवायलाही उठेना.

१४ फेब्रु., शनि.
सुनंदानं धुवायचे कपडे काढायला बॅग उघडली. सोनेरी बाटली निघाली. "हे काय गं, गॅदरिंगचं?"
प्राजूनं माझ्याकडे बघितलं. सांगण्याचं काम माझ्यावर टाकलं, आणि बरोबर टाकलं.
सांगितलं सगळं. हॉस्पिटल, फोटो, बक्षीस.
सुनंदा बाटली हातात धरून उभी. "आन् तुमी काय केलं?"
"टाळ्या वाजवल्या."
"हातानं?"
"नाही. मशीनवर."
तिनं बाटली कपड्यांच्या बादलीशेजारी ठेवली आणि पोरीच्या केसांना तेल लावायला बसली. मी बाहेर जाऊन बंद पडलेला अॅम्प्लिफायर उघडला. काय बिघडलंय ते माहीत होतं, तरी उघडला.

१५ फेब्रु., रवि.
दुपारी प्राजूनंच विषय काढला. "पप्पा, उद्या जायचं की नाही, तुम्ही सांगा."
माझं प्रत्येक गोष्टीवर मत असतं. स्पीकर कुठं ठेवायचा, भाताला पाणी किती. म्हणालो, "तुझं तू ठरव."
मोठं मन दाखवल्यासारखं म्हणालो. ती म्हणाली, "दिवाळीत मी माझं मीच ठरवलं होतं, घरी यायचं."
खरं तर जा म्हणायची लाज वाटत होती. आणि राहा म्हणायचीही. पोर केवढ्या फर्ममध्ये आहे ते आमच्या सगळ्या तळेगावात सांगून ठेवलंय. देहूरोडला दोन नातलगांनी पोरींना लॉला घातलं, ते माझं भाषण ऐकून.

१६ फेब्रु., सोम.
प्राजू सकाळी गेली नाही. फोन सारखा वाजत होता, तिनं उलटा करून ठेवला.
दहाच्या सुमारास गायकवाड गुरुजी आले, विहाराच्या कमिटीचे. एप्रिलच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायला टाकायची आहे. "तुमच्या प्राजक्ताला पाहुणी म्हणून बोलावतोय. नावाखाली फर्मचं नाव मोठ्या अक्षरात टाकतो. पोरींना कळू दे, कुठवर जाता येतं."
प्राजू आत स्वयंपाकघरात होती. भिंत पातळ आहे.
म्हटलं, "गुरुजी, फर्मचं नाव नका टाकू."
"का हो? बदलली का?"
"माहीत नाही."
"तुम्हाला माहीत नाही?" हसले ते. "तुम्हाला तर आमच्या पंख्याची वायरिंग तोंडपाठ."
म्हणालो, "गुरुजी, ती आजारी होती. हॉस्पिटलात होती. आम्हाला सांगता आलं नाही तिला, कारण मी ऐकलं नसतं. पत्रिकेत नुसतं प्राजक्ता लिहा. तेही तिला विचारून."
गुरुजी म्हणाले, बरं.
प्राजूनं चहा आणून दिला त्यांना. तब्येतीची दोन वाक्यं बोलली, नीट, माझ्याकडे न बघता. मग आत जाऊन तिनं लॅपटॉप उघडला. बराच वेळ टाईप केल्याचा आवाज येतोय.
फर्मचं काम करतेय, की सोडते म्हणून त्यांना लिहितेय, माहीत नाही. दारापर्यंत दोनदा गेलो, न विचारता परत आलो.